आगरातली तांबडी धूळ

“बाबा, त्या काचेला हात नका लावू!”

मी चुलीपाशी होते, तिथूनच ओरडले. बाबा चटका बसल्यासारखे मागे सरले. ते नुकतेच मिठागरावरून आले होते. पोटऱ्यांपर्यंत मिठाचा पांढरा थर सुकला होता आणि बोटांच्या पेरांवर जुन्या चिरा पडलेल्या होत्या.

“नाय लावला गो. नुसता वाकून बगित व्हतो,” ते म्हणाले.

“तुमच्या हाताला मीठ असतं. एक खडा आत पडला तरी झाड जाईल. किती वेळा सांगायचं?”

“खरा हाय तुझा,” असं म्हणून त्यांनी हात कमरेच्या रुमालाला पुसले. जणू पुसल्यानं ते मीठ जाणार होतं.

ही चौऱ्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. पेणच्या बाजूला खाडीकाठी पाणखार नावाचं आमचं गाव. गावात शंभर-सव्वाशे घरं होती आणि त्यांतली निम्मी तरी आगरावर, म्हणजे मिठागरावर, राबणारी. बाबांचं नाव जोमा घरत. त्यांच्या आज्यापासून घरातले पुरुष मिठागरात उभे. मी कुंदा, घरातली पहिली कॉलेजात गेलेली. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते.

बाहेरच्या खोलीत खिडकीखाली माझ्या दोन काचा होत्या. एक वाण्याकडची बिस्किटांची रुंद तोंडाची बरणी. तिच्यात वाळू आणि शेवाळाच्या गादीवर दवबिंदूची सात रोपं होती. एकेक रोप जेमतेम बोटाएवढं. पानांवर तांबडे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकता थेंब. चिलट पाणी समजून तिथे बसलं की अडकायचं, आणि मग पान सावकाश, अगदी दुपारभर वेळ घेऊन, त्याच्याभोवती वळायचं. दुसरी काच म्हणजे माशांची जुनी टाकी. तिच्यात एक बिनमुळाचं झाड नुसतं पाण्यावर तरंगत असे. केसांसारख्या हिरव्या फांद्या आणि त्या फांद्यांना मोहरीपेक्षाही लहान, पारदर्शक फुगे. ते फुगे म्हणजे त्याचे सापळे. आमच्या पारसनीस बाईंनी ही झाडं भाद्रपदात कोकणातल्या सड्यांवरून आणि भातखाचरांतून आणली आणि आम्हा चौघींना वाटली होती. दिवाळीपर्यंत तिघींची मेली. माझी जगली, कारण मी त्यांना पावसाच्या पाण्याशिवाय दुसरं पाणी दाखवलं नाही. पागोळ्यांखाली धरलेली दोन पिंपं मी तेव्हापासून झाकून ठेवली होती आणि त्यातला एक तांब्याही आईला देत नव्हते.

“मास खानारा झार घरान ठेवलाय,” आई शेजारणींना सांगायची. “आज चिलटा खातंय, उद्या मना खाईल.”

बाईंनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, “कुंदा, झाडं जगवलीस हे निम्मं काम. शुक्रवारी परीक्षक येतील तेव्हा तो फुगा जिवंत भक्ष्य ओढून घेताना दाखवलंस तर गोष्ट वेगळी. डॉक्टर हळदणकर येतायत. त्यांच्या संस्थेत ते दर वर्षी एका मुलाला पुढे शिकायला घेतात.”

बाईंना माहीत नव्हतं, पण मामाने माझ्यासाठी एक स्थळही आणलं होतं. मुलगा बरा होता, कारखान्यात कायम होता. आईनं वैशाख धरून ठेवला होता. बाबा त्या विषयावर एक अक्षर बोलत नव्हते.

आता भक्ष्य आणायचं कुठून? थंडीपर्यंत मी तळ्यातले पाणपिसू गाळून आणायचे, पण शिवरात्रीलाच तळं आटलं. मग बाईंनी मुंबईहून, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून एक पुडी आणून दिली. आत तांबूस भुकटी होती, चहाच्या चुऱ्यापेक्षाही बारीक. बाई म्हणाल्या, “ही अंडी आहेत. खाऱ्या पाण्यातल्या झिंग्याच्या जातीचा एक इवलासा जीव असतो, त्याची. वर्षानुवर्षं सुकी राहतात. खाऱ्या पाण्यात टाक आणि दिवा लाव. एका दिवसात पिल्लं निघतील.”

मी टाकली. दिवस गेला, दीड दिवस गेला, काही निघालं नाही. उरलेली पुन्हा टाकली. मंगळवारी सकाळी पाहिलं तर ती भुकटी बशीच्या तळाशी मातीसारखी बसलेली. पुडी संपली होती. त्याच संध्याकाळी मी बाबांवर ओरडले होते.

बाबा काचेपासून दूर झाले, पण गेले नाहीत. माझ्या बशीकडे बघत राहिले.

“ह्या पान्यान काय टाकलायस?”

“अंडी होती. फुटली नाहीत.”

“हात लावू का? ह्याला तरी?”

मी मान डोलावली. त्यांनी करंगळी बुडवून जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. “किती मीठ घातलास गो?”

“खाऱ्या पाण्यातले जीव आहेत म्हणून चार चमचे.”

“लोनचा घातलास तू त्यांचा,” बाबा म्हणाले. “ह्या पान्यान कोन जलमेल? भरतीचा खारीतला पानी कसा लागतो, तेवरा खारट पायजे. जास्त नाय.” मग त्यांनी रिकामी पुडी उचलून उजेडाकडे धरली. कोपऱ्यात चिकटलेले चार कण बोटाला घेतले, चोळले, हुंगले. “ह्यो तर भुसा.”

“कसला भुसा?”

“आपल्या आगरातला. बांधाच्या कोपऱ्यान साचतो. आमी फावऱ्यानं कारून टाकतो, नायतर मीठ काला परतो.”

“बाबा, ही अंडी मुंबईहून आणलीत. तिथेसुद्धा परदेशातून येतात. भुसा कुठला!”

हे मी ज्या भाषेत बोलले ती आमच्या घरातली नव्हती. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मी वर्गात ‘घोडा’ला ‘घोरा’ म्हणाले आणि मागचा बाक हसला होता. तेव्हापासून मी जीभ घासून घेतली होती. इतकी, की घरीही तशीच बोलू लागले होते. वर्गात कुणी विचारलं तर वडील शेती करतात असं सांगायचे. कॉलेजच्या फॉर्मवरही तेच लिहिलं होतं.

बाबांनी वाद घातला नाही. “सकाली चल माझ्यासंगती,” एवढंच म्हणाले.

दहावी झाल्यापासून मी आगरावर पाऊल टाकलं नव्हतं. बुधवारी सकाळी बांधावरून बाबांच्या मागे चालले. उन्हं नुकती वर आली होती. दोन्ही अंगांना वाफे पसरले होते. खाडीकडच्या वाफ्यांत गढूळ पाणी, त्यापुढच्यांत हिरवट, आणि जसजसे आत जावं तसतसं ते दाट होत गेलेलं. मिठाच्या जवळच्या वाफ्यांत तर पाणी चक्क गुलाबी होतं, बिटाची फोड धुतल्यासारखं.

“पानी लाल झाला का समजाचा,” बाबा म्हणाले, “आठवऱ्यान मीठ धरनार.”

पुढच्या बांधाच्या वळणावर त्यांनी हात आडवा केला. मी थांबले. समोरच्या वाफ्यात साठ-सत्तर रोहित पक्षी उभे होते. उंच पाय, लांब माना खाली, चोची पाण्यात उलट्या बुडवलेल्या. सगळे एका लयीत पाणी गाळत होते. पंख हलला की आतला लाल रंग दिसायचा आणि झाकला जायचा.

“ही पाखरा लाल कशानं व्हतात, शिकवला का तुना कालेजान?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“ह्या वाफ्याना येतात तवा फिकी असतात. दोन महिने हा पानी खातात नि लाल व्हतात. माझा आजा सांगाचा. मीयी बगलाय.”

ते उकिडवे बसले, ओंजळभर गुलाबी पाणी उचललं आणि माझ्यासमोर धरलं. मी वाकले. ओंजळीत पापणीच्या केसाएवढे लालसर जीव पोहत होते. दहा, वीस, मोजता येईनात. सगळे उताणे, पोट वर करून, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना पायांची झालर अखंड हलत होती. एखादी झुळूक पिकावरून जावी तशी ती लाट त्यांच्या अंगावरून जात होती. माझं डोकं बाबांच्या डोक्याला टेकलं होतं.

“बाबा, हेच ते.”

“मंग काय सांगित व्हतो?”

वारा ज्या बाजूला वाहत होता तिकडच्या कोपऱ्यात, जिथे लाटा येऊन थांबतात, पाण्याच्या कडेला बोटभर रुंद तांबडा पट्टा साचला होता. किती लांब गेला होता! सगळ्या बांधाच्या कडेनं, नजर पोचेपर्यंत. बाईंनी दोन चिमट्या आणलेली वस्तू इथे पोत्यानं पडली होती, आणि ती लहानपणी मी पायांनी तुडवली होती.

बाबांनी चमच्यानं वरवरची बाटलीत भरली. दुसऱ्या बाटलीत आगराचं पाणी घेतलं. घरी आल्यावर मी पिंपातलं पावसाचं पाणी काढलं. आई दारात उभी राहून डोळे मोठे करून बघत होती, कारण तिला त्यातला थेंब मिळाला नव्हता. पांढऱ्या इनॅमलच्या थाळीत मी आगराचं पाणी ओतलं आणि त्यात थोडं थोडं पावसाचं पाणी घालत गेले. दर वेळी बाबा करंगळी बुडवून जिभेला लावायचे.

“अजून.”

मी घातलं.

“अजून जरासा. हां. थांब. ही भरतीची खारी.”

पुढे कितीतरी वर्षांनी मी मापकानं तपासून बघितलं आहे. बाबांच्या जिभेचा अंदाज आणि मापकाचा आकडा यांत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. पण ते नंतरचं.

चिमूटभर भुसा थाळीत पसरला. वर चाळीसचा दिवा टांगला आणि बाबा कामावर गेले. रात्री काही झालं नाही. गुरुवारी सकाळी काही झालं नाही. दुपारी मी जेवायला बसले आणि ताट तसंच ठेवून उठायला लागले. आई म्हणाली, “जेव गो. मेलेला काय जिता व्हतो?”

तीनच्या सुमारास मी पुन्हा थाळीपाशी गेले. दिव्याखालच्या जागेत पाणी गंजल्यासारखं नारिंगी दिसत होतं. इनॅमल कुठेतरी उडालंय, पत्रा गंजला, संपलं. मी दिवा बाजूला सरकवला. आणि तो गंज दिव्याच्या मागे सरकला.

मी दिवा दुसरीकडे नेला. नारिंगी ढग थाळीच्या कडेकडेनं वळून तिकडे आला. भिंग घेऊन बघितलं. एकेक ठिपका झटके देत चालला होता, दोन वल्ह्यांनी होडी हाकावी तसा. हजारो होते. कालपर्यंत जी धूळ होती, जी बाबा फावड्यानं फेकत होते, ती उजेडाकडे धावत होती.

“आये!” मी ओरडले. “इकरं ये! लवकर!”

आई पदराला हात पुसत आली. मी दिवा फिरवून दाखवला. ती बघत राहिली. मग तिथेच जमिनीवर बसली आणि तिनं दोन्ही हात जोडले. कुणाला, ते तिला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी बाबा आले. मी त्यांच्या हाती भिंग दिलं. त्यांनी एका डोळ्यानं पाहिलं, दुसऱ्यानं पाहिलं, आणि भिंग खाली ठेवलं. पस्तीस वर्षं मिठाच्या झळाळीत उघड्या डोळ्यांनी काम केलेलं. बारीक त्यांना दिसत नसे, पण ते कधी बोलले नव्हते.

“मना नुसता रंग दिसतो,” ते म्हणाले. “हलतो का तो?”

“हलतोय, बाबा.”

“मंग झाला तर.”

त्या रात्री मी पिल्लं झाडाला दिली नाहीत. फुगे भुकेले राहू देत म्हटलं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. टाकीतलं तरंगतं झाड घातलेली एक वेगळी बरणी माझ्या मांडीवर आणि पिल्लांची बाटली बाबांच्या हातात. बाबांनी लग्नाकार्याचा पांढरा सदरा घातला होता, खाली लेंगा, आणि पायांत काही नाही. चपला त्यांच्या पायांना सोसत नसत. कॉलेजच्या फाटकाशी मी म्हणाले, “बाटली द्या. तुम्ही इथेच थांबा.”

“उन्हान ठेवू नको बाटली. तापल,” ते म्हणाले. “मी दरवाज्यापावत धरतो.”

मग ते प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आले आणि बाहेरच्या बोळात भिंतीला टेकून उभे राहिले. मी बाटली घेऊन आत गेले. दार उघडंच होतं.

डॉक्टर हळदणकर साठीचे, सडपातळ, कानावर पांढरे केस आलेले गृहस्थ होते. सकाळपासून ते टेबलाटेबलाला फिरत होते आणि दमलेले दिसत होते. माझ्यापाशी आले तेव्हा पारसनीस बाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. मी आईच्या जुन्या वायलच्या लुगड्याच्या तुकड्यातून पिल्लं गाळली, खारं पाणी निथळू दिलं, गोड्या पाण्यात खळबळली. काचेच्या खोलगट तबकडीत झाडाची एक फांदी घातली, ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि ड्रॉपरनं दोन थेंब सोडले.

“बघा, सर.”

ते वाकले. मी मोजत होते. एक मिनिट. दोन. मग त्यांचा खांदा एकदम हलला, कुणी मागून नाव घेऊन हाक मारावी तसा. ते बाजूला झाले नाहीत. बराच वेळ तसेच वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा पुसला गेला होता.

“फुगा उघडतो ते डोळ्याला दिसतच नाही,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “पिल्लू बाहेर असतं, आणि मग आत असतं. मधलं काही नाही.” मग माझ्याकडे वळले. “छान उबवली आहेत. अंडी कुठली?”

दारात, उंबऱ्याच्या पलीकडे, मला बाबांच्या पायाचा अंगठा दिसत होता. चिरलेला, कडेनं पांढरा. वर्गातली बाकीची सगळी आपापल्या टेबलांवरून ऐकत होती.

“बाईंनी पुडी आणली होती, सर. मुंबईची,” मी म्हणाले.

तो अंगठा हलला नाही.

बाई खुशीनं हसल्या. डॉक्टर मात्र पुन्हा वाकले आणि त्यांनी तबकडी बोटानं हळूच फिरवली. “विकतची अंडी धुऊन, चाळून येतात,” ते म्हणाले. “ह्यात बारीक चिखल आहे. आणि हा बघा, पिसाचा तंतू. लाल पिसाचा.” ते वर झाले. आवाज मुळीच चढला नव्हता. “हे कुठून तरी ताजं आलंय. मी मार्कांसाठी विचारत नाही हं. माझं निम्मं आयुष्य ह्या जीवामागे गेलंय, म्हणून विचारतो.”

प्रयोगशाळेत नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं.

“माझे बापाच्या आगरातली हायेत,” मी म्हणाले. तीच भाषा आली, दुसरी येईना. “बाबा मिठागरावर काम करतात. पुडीतली अंडी मी मारली, सर. ही त्यांनी दिली. पानी पण त्यांनीच चाखून दिला. ते बाहेर हुबे हायेत.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी तिकडे पाहिलंही नाही. ते तडक दाराशी गेले आणि त्यांनी बाबांना नमस्कार केला. “आत या ना. तुम्ही बाहेर का?”

बाबा उंबऱ्याशी घुटमळले. “पाय मलेत माझे.”

“माझेही काही धुतलेले नाहीत,” डॉक्टर म्हणाले, आणि बाबांचं मनगट धरून त्यांना आत घेऊन आले. स्वतःचं स्टूल पुढे केलं. बाबा त्याच्या अगदी कडेवर बसले.

“ही अंडी वर्षभर मिळतात तिथे?”

“मीठ धराच्या वक्ताला जास्त. पानी दाट झाला का तो किरा अंडी टाकतो. पातल पानी असला का नाय टाकत. तवा जिती पिल्ला घालतो.”

डॉक्टरांनी खिशातून वही काढली. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोन सांगल? रोज बगतो. दाट पानी म्हंजी त्याला मरान दिसतो. मंग तो अंडी टाकून ठेवतो.”

“आणि वाफा सुकल्यावर?”

“सुकला का मातीन रवतात. पावसाचा पानी पोचला का तिसरे दिसाला फिराला लागतात.” बाबा आता कडेवरून जरा मागे सरकून नीट बसले. “आमचे आगराचा पलीकरचा वाफा बांध फुटून परला व्हता. मालकाचा भावाशी भांडान, कोनी दुरुस्त केला नाय. आठ वरसा कोरडा. गुरा फिरत. तिथला भेगान पाय जायाचा. मंग बांध घातला, पानी घेतला. पाचवे दिसाला मी सकाली गेलो त आक्खा वाफा लाल. पाखरा उतरलेली.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “आठ वर्षं?”

“माझी ही पोर तवा दुसरीन व्हती. बांध फुटला तवा जलमली नव्हती.”

वर्गात आता कुणी हसत नव्हतं. चार-पाच मुलं टेबलं सोडून जवळ आली होती. बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांचा तो हात घट्ट होत गेलेला मला आठवतो.

“तुम्ही यांना जवळून पाहिलंयत का कधी?” डॉक्टरांनी विचारलं.

बाबा हसले. “माझे डोले गेलेत सायब. मना रंग दिसतो.”

“इथून दिसेल. या.”

बाबा सूक्ष्मदर्शकावर वाकले. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, त्यांचा उजवा हात घेतला आणि बाजूच्या चाकावर ठेवला. वर माझा हात. आम्ही दोघं मिळून ते चाक फिरवू लागलो.

“दिसतंय?”

“नाय. धुका हाय नुसता.”

“आता?”

“नाय… नाय… थांब!” त्यांचा हात माझ्या हाताखाली ताठ झाला. “थांब. हलवू नको.”

मी हलवलं नाही.

“आयला,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “एकच डोला हाय त्याला. मदी, कपालावर. लाल. नि हात मारतंय… होरीवाला मारतो तसा. एक… दोन… हे दुसरा आला. हे फुग्याचे कडंला… फुग्याला केस हायेत गो कुंदे, त्याचे तोंडाला केस हायेत. तो हात लावतंय त्याना—”

त्यांनी दचकून डोकं मागे घेतलं आणि लगेच पुन्हा खाली नेलं.

“कुटं गेला? आता व्हता. आता इथं व्हता!”

“आत बघा, बाबा. फुग्याच्या आत.”

त्यांनी डोळा तिथेच टेकवून ठेवला. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

“आत हाय,” ते म्हणाले. “आत पोवतंय अजून. त्याचा लाल डोला दिसतो भाएरून.”

मग ते सरळ झाले. आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, पण कुणा एकाकडे नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते प्रखर दिव्यामुळे असेल, त्यांचे डोळे तसेही वाहायचे.

“पस्तीस वरसा,” बाबा म्हणाले, “मी याचे डोक्यावर पाय देऊन चाललो. नि याला डोला हाय.”

डॉक्टर हळदणकरांनी वही मिटली आणि खिशात घातली. ती त्या दिवशी त्यांनी पुन्हा उघडली नाही. दुपारी बाकीची परीक्षा आटोपून ते बाईंबरोबर रिक्षानं आमच्या आगरावर आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाबांच्या मागे वाफ्यात उतरले, आणि ऊन कलेपर्यंत दोघं एकमेकांना ओंजळीतलं दाखवत राहिले.

जूनमध्ये त्यांच्या संस्थेचं पत्र आलं. स्थळाला बाबांनीच नाही म्हणून कळवलं. मामा वर्षभर आमच्याशी बोलला नाही. मी मुंबईला गेले, शिकले, आणि पुढची सव्वीस वर्षं त्याच संस्थेत त्याच जीवावर काम केलं. माझ्या पहिल्या प्रबंधात बाबांचं नाव आहे, आभारांत नाही, माहितीच्या स्रोतांत. आगर मात्र गेलं. मालकांनी मिठाचं काम बंद केलं, भराव पडला, आता तिथे कंटेनर उभे असतात. बाबांना जाऊनही बारा वर्षं झाली.

पण त्या शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं. डॉक्टर गेल्यावर आम्ही दोघं बांधावरून घरी चाललो होतो. रिकामी बाटली बाबांच्या हातात होती. ते पुढे, मी मागे. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

“बाबा,” शेवटी म्हणाले, “त्यांनी पहिल्यांदा विचारलं ना, अंडी कुठली म्हणून… तेव्हा मी…”

“मना काय आयकू नाय आला,” बाबा मागे न वळता म्हणाले. “तिथं वारा लय व्हता.”

प्रयोगशाळेबाहेरच्या त्या बोळाला एकही खिडकी नाही. भर आषाढातही तिथे पान हलत नाही.

“हां बाबा,” मी म्हणाले. “लय वारा व्हता.”